बोहारणीच्या गाठोड्यातून झबलं

आमचं वर्कशॉप म्हणजे वाड्याची दहा बाय बाराची ओसरी, दोन पायमशीन आणि कापड पसरायला एक जुनं दार. झबल्यांसाठी मी नवं कापड आणत नाही. दहा-वीस वर्षं धुतलेल्या सुती लुगड्याचा मऊपणा कुठल्याच ठाणात मिळत नाही.

लुगडी बोहारणीकडून घेते. घेताना काठाजवळचा एक धागा ओढून जाळायचा. कागद जळल्यासारखा वास आला आणि राख चुरली, तर सुती. टोकाला टणक गोळी झाली तर परत द्यायचं, बोहारीण कितीही शपथा घेवो. मग उजेडात धरून विरलेला भाग पाहायचा. बसायच्या जागी हमखास विरतं. तो भाग गोधडीला.

धुण्याचा सोडा घालून गरम पाण्यात रात्रभर भिजत ठेवा. काठ मात्र आधीच कापून काढा. एकदा आळस केला आणि लाल काठाने सहा झबल्यांचं कापड गुलाबी केलं.

आता माप. एका झबल्याला 24 बाय 15 इंच. काठ सोडून 45 इंच पन्हा (कापडाची रुंदी) उरला तर आडवी तीन बसतात. कात्री फक्त चीर द्यायला, पुढे हाताने फाडा, धाग्यावर सरळ जातं. 24 बाय 10 ची पट्टी खांद्यावर दुमडली की पाठ-पोट एकसंध, खांद्याला शिवणच नाही. उरलेल्या पाच इंची पट्टीतून 7 इंची दोन बाह्या, बगलेला 2 इंचाचे दोन चौकोन, आणि बाकीच्यातून गळ्याची उरेब (तिरकी कापलेली) पट्टी, जोड देऊन. गळा साडेतीन इंच रुंद, पुढे दीड इंच खोल, मागे अर्धा. समोरून मधोमध उघडं.

बगलेचा चौकोन आधी बाहीला जोडा, बाही अंगाला, शेवटी बाजू. चौकोनाच्या कोपऱ्यात सुई खाली ठेवूनच कापड वळवा, नाहीतर तिथे चुणी पडते. 11 नंबरची सुई, दोरा सुतीच. पॉलिस्टरचा दोरा जुन्या कापडाला कापत जातो.

शिवणी बाहेरच्या बाजूला. गिऱ्हाइकं विचारतात, उलटं शिवलंय का? सांगायचं, बाळाला बोचू नये म्हणून. बटणं नाहीत, काठाच्याच पट्ट्या दुमडून बांधायचे बंद, पण ते वेगळे दोनदा धुऊन, पाणी स्वच्छ निघाल्यावरच लावायचे.