आज तारीख किती? तोच अध्याय उघडा

सकाळी बायबल हातात घेतलं की ‘आज कुठून वाचू?’ यातच पाच मिनिटं जातात. मग डोळे मिटून कुठलंही पान उघडायचं आणि बोट पडेल ते वचन म्हणजे देवाचा निरोप मानायचा! हा प्रकार मला चिठ्ठी काढण्यासारखा वाटतो.

त्यापेक्षा बायबलमधलं ‘नीतिसूत्रे’ हे पुस्तक घ्या. अध्याय 31 आहेत, म्हणजे तारीख तोच अध्याय. बहुतेक अध्याय पाच-सात मिनिटांत होतात. महिना 30 दिवसांचा असेल, तर शेवटच्या दिवशी दोन वाचा. चार दिवस चुकले तरी मागचं भरून काढत बसू नका, आजच्या तारखेवर या.

वाचण्याआधी मात्र दिवसातली एक खरी अडचण प्रार्थनेत मांडा: साहेबांशी बोलायचंय, भावाशी जमिनीवरून अबोला आहे, असं काहीही. 15 तारखेला पहिल्याच वचनात मृदू उत्तराने राग शांत होतो असं भेटतं, तेव्हा भावाला काय म्हणायचं ते निदान सुरू तरी करता येतं. तेवढं एकच वचन चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. मोबाइलवर नको, तिथे व्हॉट्सअ‍ॅप आधी उघडतं.