संग्रहालयांनी उसन्या आणलेल्या वस्तू आणि ब्रिटनची सरकारी हमी : या चुका टाळा

ब्रिटनमधील संग्रहालये मोठ्या प्रदर्शनासाठी खासगी मालकांकडून किंवा परदेशी संस्थांकडून मौल्यवान वस्तू उसन्या आणतात, तेव्हा त्यांचा बाजारातून विमा उतरवण्याचा खर्च अनेकांना झेपत नाही. म्हणून १९८० च्या राष्ट्रीय वारसा कायद्याच्या कलम १६ नुसार वस्तू हरवल्यास किंवा तिचे नुकसान झाल्यास भरपाई देण्याची हमी सरकार स्वतः घेते. ही हमी अटींवर उभी असते, आणि बहुतेक चुका त्या अटी नीट न वाचल्यामुळे होतात.

पहिली चूक म्हणजे हमीला सर्वव्यापी विमा समजणे. युद्धामुळे झालेली हानी, मालकाचा किंवा त्याच्या माणसांचा हलगर्जीपणा, वस्तूत आधीपासून असलेला दोष, मालकाच्या संमतीने केलेले जतनकाम आणि वस्तूवर तिसऱ्या व्यक्तीने सांगितलेला हक्क यांना ती लागू होत नाही. हक्काच्या वादातून होणाऱ्या जप्तीपासूनचे संरक्षण २००७ च्या वेगळ्या कायद्याखाली, वेगळ्या मंजुरीने मिळते. एक मंजुरी मिळाली की दुसरीही आपोआप मिळाली, असे धरून चालू नये.

सर्वांत महाग पडते ती स्थितिअहवालातील, म्हणजे वस्तूच्या अवस्थेच्या लेखी नोंदीतील, कुचराई. ‘चित्र सुस्थितीत, कडा किंचित झिजलेल्या’ एवढ्या ओळीवर पुढे काहीच सिद्ध करता येत नाही. चित्राच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात दोन सेंटिमीटरची जुनी भेग असेल, तर चौकटीच्या कडेपासूनचे तिचे अंतर मोजावे, तिरप्या प्रकाशात रंगाचा थर कुठे उचलला आहे ते पाहावे, मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्र घ्यावे आणि त्यावर तारीख व दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात. पेटी भरण्यापूर्वी, उघडल्यावर आणि परतीच्या वेळी हीच तपासणी पुन्हा व्हायला हवी. हे काम कंटाळवाणे आहे, हे मला मान्य आहे. परंतु भेग जुनी की प्रवासात पडलेली, हा प्रश्न उभा राहिला की मालक आणि संग्रहालय या दोघांच्याही बाजूने बोलणारा पुरावा तेवढाच असतो.

मूल्याबाबतही घाई करू नये. जुन्या लिलावातील आकडा तसाच उचलला, तर भरपाई अपुरी पडते. आकडा फुगवला, तर त्याचे समर्थन मागितले जाते. मूल्य कशाच्या आधारे ठरवले, हे अर्जासोबतच लिहून द्यावे.

हमीचे प्रमाणपत्र हाती येण्यापूर्वी वस्तू मालकाच्या भिंतीवरून उतरवू नये. प्रदर्शनाची मुदत वाढली, वस्तू दुसऱ्या दालनात हलवायची झाली किंवा वाहतुकीचा मार्ग बदलला, तर तो बदल आधी कळवून मंजूर करून घ्यावा. मुदतवाढीचे पत्र मालकाला जाते आणि हमीची मुदत मात्र जुनीच राहते, हा घोळ सहज होण्यासारखा आहे.

मराठी वाचकांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ही हमी ब्रिटनमधील संस्थांनी उसन्या घेतलेल्या वस्तूंसाठी आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्राला दिलेली आणि प्रथम साताऱ्यात मांडलेली वाघनखे हा उलट दिशेचा व्यवहार आहे. तशा वेळी संरक्षणाची व्यवस्था स्वतंत्र कराराने ठरवावी लागते. याउलट, भारतातील एखादी वस्तू ब्रिटनमधील प्रदर्शनात जाणार असेल, तर ती देणाऱ्या संस्थेने हमीचे प्रमाणपत्र मागून घ्यावे आणि त्यावरील वस्तूचे वर्णन, मूल्य व तारखा स्वतःच्या करारपत्राशी ओळीने ताडून पाहाव्यात.