डबे करणाऱ्या बाईनं ख्रिस्ती कसं राहावं

मागच्या महिन्यात उपासना झाल्यावर चर्चच्या अंगणात चहा पिताना मंडळीतल्या एका नव्या सुनेनं मला गाठलं. तिला घरगुती डबे सुरू करायचेत. "आंटी, रविवारी सगळं पटतं हो. सोमवारी सकाळी गॅस पेटवल्यावर काय करायचं?" चहा संपेपर्यंत जमलं तेवढं सांगितलं, उरलेलं इथं लिहिते. मी अकरा वर्षं इंदूरच्या भंवरकुआँ भागात कोचिंगच्या मुलांना डबे देते. सध्या ३४ आहेत. मी पाळकबाई नाही आणि धर्मशास्त्र शिकलेली नाही, त्यामुळे स्वयंपाकघराबाहेरचं मला विचारू नका.

सुरुवात प्रार्थनेनं करा, पण वेगळा वेळ काढायच्या नादी लागू नका. पहाटे साडेचारला उठणाऱ्या बाईला वेगळा वेळ नसतो. कणीक भिजवताना प्रभूची प्रार्थना म्हणा. अर्ध्या मिनिटात होते. कणीक मळायला बारा मिनिटं लागतात, म्हणजे पुष्कळ वेळ उरतो. माझ्या डब्यांवर ऑइलपेंटनं नंबर टाकलेत. रोज तीन नंबर घ्यायचे आणि त्या तीन मुलांसाठी मागायचं. १७ नंबरच्या मुलाची परीक्षा असते, २२ नंबरची मुलगी दोन दिवस भाजी परत पाठवते आहे. परत आलेल्या डब्यात काय उरलंय हे बघितलं की काय मागायचं ते आपोआप कळतं.

ही प्रार्थना मी मराठीत म्हणते, त्याला कारण आहे. माझं माहेर नगरचं, आता अहिल्यानगर. अहिल्याबाई त्याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या. त्या इकडे लग्न होऊन आल्या आणि त्यांनी राज्य केलं, मी आले आणि पोळ्या केल्या. नगरला आम्ही रेव्हरंड ना. वा. टिळकांची अभंगाच्या चालीतली भजनं म्हणत मोठे झालो. इथली मंडळी मात्र हिंदी. १८७७ साली कॅनडाहून प्रेस्बिटेरियन मिशनरी इंदुरात आले तेव्हापासूनचा वारसा सांगणारी. इथं आम्ही ख्रिस्ती नाही, मसीही. उपासना नाही, आराधना. पहिली काही वर्षं मला जीभ उसनी घेतल्यासारखं वाटायचं. मग एकदा चर्चमध्ये प्रार्थना म्हणताना लक्षात आलं की हिंदीत 'अपराध' क्षमा करायला सांगितलेत आणि मराठीत 'ऋण' सोडायला. जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे. घरी येऊन मी आधी उधारीची वही उघडली. अपराध म्हटलं की मला कोणीतरी दुसरं आठवतं. ऋण म्हटलं की आकडे आठवतात. या प्रार्थनेतले 'भाकर' आणि 'ऋण' हे दोन शब्द धरून ठेवले तरी डब्याच्या धंद्यात ख्रिस्ती राहता येतं असा माझा अनुभव आहे.

भाकरीचं

खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट येतो असं नीतिसूत्रात आहे. डब्यात तराजू कुठे असतो? पोळीच्या जाडीत असतो. गव्हाचा भाव चढला की हात आपोआप लहान गोळा तोडतो, तुम्ही ठरवलेलं नसलं तरी. म्हणून मी एकदा वीस गोळ्यांचं वजन करून सरासरी काढली आणि महिन्यातून एकदा काट्यावर पुन्हा बघते. भाव परवडत नसेल तर डब्याचा दर उघडपणे वाढवा, महिनाभर आधी सांगा. दोन मुलं सोडून जातील, जाऊ द्या.

शरबती सांगून लोकवन घालू नका. आपल्या माळव्यात हा सगळ्यात सोपा खोटेपणा आहे, कारण भोपाळहून किंवा रीव्याहून आलेल्या मुलाला डाळीत बुडवलेली पोळी खाताना फरक कळत नाही. मी लोकवनच वापरते आणि तसं सांगते. तेल सोयाबीनचं, तेही सांगते. "घर जैसा खाना" असं मात्र पाटीवर लिहीत नाही. त्यांच्या घरी तूप असतं.

माझ्याकडे चार जैन मुलं आहेत. कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, गाजर नाही. त्यांची कढई वेगळी ठेवा आणि खरोखरच वेगळी ठेवा. एकदा घाईत मदतनीस बाईनं साध्या भाजीचा चमचा जैन कढईत घातला. सकाळचे सव्वादहा, डबेवाला मुलगा दारात मोटरसायकल चालू ठेवून उभा. त्या चौघांना कधीच कळलं नसतं. पौल रोमकरांना लिहितो की अन्नापायी भावाला अडखळवू नका. मला ते पत्र पाठ नव्हतं, पण एवढं आठवलं. भाजी बाजूला काढली, चौघांना फोन करून सांगितलं की आज डबा अर्धा तास उशिरा येईल, आणि का तेही सांगितलं. त्यातल्या एकाची आई त्याच संध्याकाळी फोनवर माझ्याशी वीस मिनिटं बोलली. नवरात्रात उपासाचे डबे, म्हणजे साबुदाण्याची खिचडी, भगर, राजगिऱ्याची पुरी, हे करावेत का असं त्या सुनेनं विचारलं होतं. करा. भुकेल्याला त्याच्या मनाला चालेल असं जेवण देण्यात कसली बाधा?

आता दहावा भाग, म्हणजे कमाईतला देवाचा वाटा. मंडळीच्या पाकिटात जे द्यायचं ते द्याच, त्याशिवाय दर दहा डब्यांमागे एक डबा फुकट जाऊ द्या. माझे ३४ म्हणजे तीन, आणि उरलेल्या चारांकडे देवानं दुर्लक्ष करावं. यात दोन गोष्टी सांभाळा. पहिली, उरलेलं देऊ नका. माझी सासू रात्रीच्या उरलेल्या पोळ्या एम. वाय. हॉस्पिटलबाहेर पेशंटच्या नातेवाइकांना वाटायची. तिचं मन चांगलं होतं, पण पोळ्या शिळ्याच. आता पोळ्या उरल्या तर आम्ही घरचे फोडणीची पोळी खातो आणि फुकटचा डबा ताज्या रांगेतून निघतो. दुसरी, डबा तोच असू द्या: तसंच स्टील, तसाच नंबर. कोणता डबा पैशाचा आणि कोणता बिनपैशाचा हे माझ्या डबेवाल्या मुलालाही ठाऊक नाही. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असं प्रभूनं म्हटलंय, आणि डब्याच्या धंद्यात डावा हात म्हणजे डिलिव्हरीवाला.

डब्यात वचनाचं पत्रक घालू का, हाही प्रश्न येतो. नको. मध्य प्रदेशात धर्मांतराचा कायदा १९६८ पासून आहे, नवा २०२१चा, पण मी कायद्याच्या भीतीनं सांगत नाही. परक्या गावात जेवणासाठी तुमच्यावर अवलंबून असलेलं एकोणीस वर्षांचं पोर तुम्हाला नाही कसं म्हणणार? पेत्र लिहितो की कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, आणि ते सौम्यपणे द्या. आधी विचारू तर द्या. अकरा वर्षांत मला तिघांनी विचारलं. तिघांना चहा पाजून उत्तर दिलं. त्यातल्या एकाला फक्त भिंतीवरचा क्रूस कुठं मिळतो ते हवं होतं, त्याच्या मैत्रिणीला द्यायला.

प्रसादाचं

इंदूरच्या मराठी गल्लीत राहणाऱ्या ख्रिस्ती बाईला हा प्रश्न वर्षातून निदान दहा वेळा पडतो. गणपतीचे मोदक येतात, गौरीचं पुरण येतं, आणि सत्यनारायणाचा शिरा तर कधीही. पौलानं करिंथच्या मंडळीला याबद्दल दोन ठिकाणी लिहिलंय आणि लोक आपल्याला हवं ते एकच ठिकाण वाचतात. एकीकडे तो म्हणतो, बोलावलं आणि गेलात तर पुढ्यात येईल ते चौकशी न करता खा. दुसरीकडे म्हणतो, तुमच्या खाण्यानं दुर्बळ भावाचं मन दुखावणार असेल तर खाऊ नका. माझ्या सासूबाई प्रसाद घेत नसत आणि ते तोंडावर सांगत. शेजारच्या काकू दारातून वाटी परत घेऊन गेलेल्या मी पाहिल्यात. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो.

मी काय करते ते सांगते, तुम्ही आपापल्या पाळकांना विचारा. वाटी दोन्ही हातांनी घेते. काकूंना बसवते. पूजेला बसत नाही आणि हे त्यांना माहीत आहे, कारण पहिल्याच वर्षी मी स्वतः सांगितलं: आरतीला येणार नाही, पण पंगतीत वाढायला येईन. दरवर्षी वाढायला जाते. सासूबाई होत्या तोवर त्यांच्यासमोर शिरा खाल्ला नाही, पौलाचं दुसरं वाक्य त्यांच्यासाठी होतं. आता खाते. नाताळात करंज्या, चकल्या आणि केक घेऊन मी काकूंकडे जाते. केक बिनअंड्याचा, वेगळ्या भांड्यात केलेला, आणि तो बिनअंड्याचा आहे हे त्यांनी कधी विचारलेलं नाही. विचारायची वेळ येऊ देऊ नका.

रविवारचं

रविवारी मुलांना सुट्टी असते, म्हणून त्यांना चांगलंचुंगलं हवं असतं, आणि आराधना सकाळीच. पहिली दोन वर्षं मी मदतनीस बाईवर स्वयंपाक टाकून चर्चला जायची. स्वतःला धार्मिक समजायची. मग एका रविवारी दहा आज्ञांमधली चौथी वाचली जात होती: तू काम करू नकोस, तुझ्या मुलानं करू नये, दासानं करू नये, दासीनं करू नये, तुझ्या जनावरानंही करू नये. दासीनं. मी तिथं बाकावर बसून विसावा घेत होते आणि माझी दासी माझ्या घरी ३० डब्यांच्या पुऱ्या तळत होती.

त्यावर उपायही शास्त्रातच सापडला. अरण्यात इस्राएली लोकांसाठी मान्ना, म्हणजे आकाशातून येणारं अन्न, पडायचा तेव्हा सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा होती. शनिवारी संध्याकाळी डबा दुप्पट द्या: नेहमीचं जेवण, आणि वेगळ्या पुडक्यात दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं. दशमी दोन दिवस आरामात टिकते, प्रवासासाठीच तिचा जन्म. रविवार पूर्ण बंद. बाईचा त्या दिवसाचा पगार कापायचा नाही. दोन मुलं गेली, पण दशम्यांसाठी तीन आली.

पगारावरून आठवलं. तो १ तारखेलाच द्या, मुलांचे पैसे आलेले असोत वा नसोत. लेवीय म्हणतं मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नको, सकाळपर्यंतसुद्धा. मुलांनी दिले नाहीत हा तुमचा आणि मुलांचा प्रश्न आहे.

ऋणाचं

आता वही. "आंटी, कल पक्का" हे वाक्य ऐकायची सवय ठेवा. महिन्याचे २,८०० रुपये, आणि कधीकधी एखादा मुलगा दोन महिन्यांचे ५,६०० बुडवून रूम सोडतो. माझी पद्धत अशी: तीनदा मागायचं, तेही त्याला एकट्याला, मित्रांसमोर नाही. मेसेजमध्ये रक्कम स्पष्ट लिहायची. बाप आजारी असेल, निकाल वाईट लागला असेल, तर पुढचं तिथंच थांबवायचं. मग गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री वही घेऊन बसायचं आणि वर्षभराच्या बुडालेल्या नावांवर लाल पेनानं रेघ मारायची. रेघ मारली की तो आकडा नवऱ्यासमोरही काढायचा नाही. ही मला जमलेली सगळ्यात अवघड गोष्ट. सोडणं म्हणजे पुन्हा उधार देणं नव्हे, हेही लक्षात ठेवा. तोच मुलगा परत आला तर पोटभर जेवू घाला, पण खातं आगाऊ पैशावर उघडा.

मत्तयात तो चाकर आहे ना, ज्याला राजानं अफाट कर्ज सोडलं आणि त्यानं शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. प्रवचनात नेहमी सांगतात, शंभर दिनार म्हणजे क्षुल्लक. क्षुल्लक कसे? एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. शंभर दिवसांची मजुरी बुडाली तर माझं घर हलेल. प्रभूला तो आकडा टोचणारा आहे हे माहीत होतं, म्हणूनच त्यानं तो घेतला असं मला वाटतं.

हे वाटायला कारण आहे. माझ्या वहीत १८,००० ची एक ओळ आहे. एका केटररनं लग्नाच्या तीन दिवसांच्या पोळ्या माझ्याकडून घेतल्या आणि नंतर म्हणाला, ऑर्डर दिलीच नव्हती. पोरं अडचणीत असतात, तो अडचणीत नव्हता. त्या ओळीपाशी पेन थांबायचं.

इथून जवळच, देवास जिल्ह्यात उदयनगरला, सिस्टर राणी मारिया काम करायच्या. त्या कॅथलिक, आम्ही प्रॉटेस्टंट, पण इंदुरात त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक. गरीब शेतमजुरांना सावकारांच्या तावडीतून सोडवायच्या, म्हणजे अगदी शब्दशः ऋणातून. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरला येताना त्यांना बसमध्ये भोसकून मारलं. त्यांच्या सख्ख्या बहिणीनं पुढे तुरुंगात जाऊन त्या मारेकऱ्याला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरातच सिस्टर राणी मारियांना 'धन्य', म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं. ते वाचून मी घरी वही उघडली आणि मला १८,००० रुपये सुटेनात.

तेव्हा मी स्वतःपुरती एक सोय काढली. तो हप्त्यानं देत नाही, तर मी हप्त्यानं सोडते. दर गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री ३,००० वर रेघ मारायची, आणि त्या ३,००० चा राग पुढे न्यायचा नाही. शास्त्रात हप्त्याची सोय नाही, मला माहीत आहे. तीन वर्षं झाली. आता ९,००० राहिलेत.