कोबॉलमधली ड्रॉप-डाउन लिस्ट: या चुका टाळा

वापरणाऱ्याने लिस्टमधून काहीच निवडलं नाही, तसंच 'सेव्ह' दाबलं आणि रेकॉर्डमध्ये दुसऱ्या ओळीचा कोड जाऊन बसला. एरर नाही, मेसेज नाही. कोबॉल या प्रोग्रॅमिंग भाषेत ड्रॉप-डाउनच्या चुकांमध्ये ही मला सर्वांत घातक वाटते, कारण चुकीचा डेटा गुपचूप साठत राहतो.

घडतं ते असं. काहीच निवडलेलं नसेल तर विंडोजचा कॉम्बो बॉक्स (म्हणजे हीच ड्रॉप-डाउन लिस्ट) 'कितवी ओळ निवडली?' असं विचारणाऱ्या सीबी_गेटकर्सेल या मेसेजला -१ असं उत्तर देतो. ते पिक ९(४) अशा चिन्ह नसलेल्या फील्डमध्ये मूव्ह केलं की कोबॉल उणे चिन्ह टाकून देतं, उरतो १. विंडोज ओळी ० पासून मोजतं आणि कोबॉलचं टेबल १ पासून, म्हणून पुढे आपण १ मिळवतो. झाले २! तेव्हा उत्तर पिक एस९(९) कॉम्प-५ या चिन्ह धरणाऱ्या बायनरी फील्डमध्ये घ्या, आधी -१ तपासा, मगच १ मिळवा. कॉम्प-५ हे मुद्दाम सांगतोय. मायक्रो फोकस या कोबॉल कंपायलरमध्ये नुसतं कॉम्प लिहिलं तर बाइटांचा क्रम इंटेल प्रोसेसरच्या उलट असतो, आणि १ च्या जागी १,६७,७७,२१६ दिसतो.

ओळीचा नंबर म्हणजे कोड नव्हे

टेबलातली पाचवी नोंद लिस्टमध्येही पाचवीच असेल, हे गृहीत धरू नका. सीबीएस_सॉर्ट ही स्टाइल लागलेली असेल तर विंडोज नावं वर्णानुक्रमे लावतं. अकूकोबॉल या दुसऱ्या कंपायलरमध्ये तर 'अनसॉर्टेड' असं स्पष्ट लिहिलं नाही, तर क्रमवारी आपोआप लागते. विंडोजच्या एपीआयमध्ये (प्रोग्रॅममधून वापरायच्या आज्ञांमध्ये) सरळ मार्ग आहे: सीबी_अ‍ॅडस्ट्रिंग ज्या ओळीचा नंबर परत देतं, त्याच ओळीला सीबी_सेटआयटमडेटाने आपल्या टेबलाचा सबस्क्रिप्ट (नोंदीचा क्रमांक) चिकटवा. निवड झाली की तोच परत वाचा. मग क्रम कसाही बदलो, कोड चुकत नाही.

शेपटाच्या रिकाम्या जागा

पिक एक्स(२०) मध्ये 'लेखा' ठेवलं की उरलेली जागा स्पेसनी भरते. कोबॉलच्या इफला त्याचं काही वाटत नाही, तुलना बरोबर येते. विंडोजला मात्र प्रत्येक स्पेस म्हणजे एक अक्षर. त्यामुळे तंतोतंत नाव शोधणारं सीबी_फाइंडस्ट्रिंगएक्झॅक्ट समोर दिसणारं नावही सापडत नाही म्हणतं. शिवाय शेवटी नल बाइट (मजकूर संपल्याची शून्य किमतीची खूण) नसेल तर वर्किंग-स्टोरेजमधल्या पुढच्या फील्डचा मजकूरही नावाला चिकटून लिस्टमध्ये येतो.

इथे बरेच जण स्ट्रिंग वापरून डिलिमिटेड बाय स्पेस (पहिल्या स्पेसपर्यंतच घ्या) लिहितात. त्याने 'अर्धवेळ कर्मचारी'चं नुसतं 'अर्धवेळ' होतं. त्यापेक्षा फंक्शन रिव्हर्सने उलटं केलेल्या फील्डवर इन्स्पेक्ट टॅलींग लावून आधीच्या स्पेस मोजा आणि खरी लांबी काढा. बफर (नाव पाठवायची तात्पुरती जागा) एक बाइट मोठा ठेवा, त्यात आधी लो-व्हॅल्यूज म्हणजे नल बाइट भरा, मग तेवढ्याच लांबीचं नाव मूव्ह करा. लांबी ० आली तर ती ओळ वगळा, नाहीतर रेफरन्स मॉडिफिकेशन (फील्डचा ठरावीक लांबीचा तुकडा घेणं) तिथेच अडखळतं.

देवनागरी नावांसाठी आणखी एक काळजी. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना-मात्रासुद्धा, ३ बाइट खातं. पिक एक्स(२०) मध्ये अशी ६ चिन्हं मावतात आणि सातवं अर्धवट तुटतं. फील्ड मोठं ठेवा, आणि विंडोजकडे मजकूर सेंडमेसेजडब्ल्यू या फंक्शनने यूटीएफ-१६ मध्ये पाठवा. तिथे शेवटचा नल २ बाइटांचा लागतो.

निवड बदलली, पण पुढचं काही हललं नाही

प्रोग्रॅममधून सीबी_सेटकर्सेल देऊन ओळ निवडली तर 'निवड बदलली' असं कळवणारा सीबीएन_सेलचेंज येत नाही. म्हणून जुनं रेकॉर्ड उघडल्यावर विभाग दिसतो, पण त्यावर अवलंबून असलेली दुसरी लिस्ट रिकामीच राहते. ती भरणारा पॅराग्राफ (कोडचा तुकडा) स्वतः परफॉर्म करा, म्हणजे चालवा. डॉटनेटच्या विनफॉर्म्स या स्क्रीन बनवायच्या साधनात हे नेमकं उलटं आहे: कोडमधून सिलेक्टेडइंडेक्स बदलला तरी इव्हेंट येतो. तिथे स्क्रीन भरताना एक स्विच ८८-लेव्हलने (हो/नाही अशा अटीच्या नावाने) चालू ठेवा आणि तो चालू असेपर्यंत इव्हेंटच्या हँडलरमधून लगेच बाहेर पडा.

आणि बाण दाबूनही जुन्या स्क्रीनवर लिस्ट उघडत नसेल तर डेटाच्या मागे लागण्याआधी कंट्रोलची उंची बघा. विंडोजच्या जुन्या कॉमन कंट्रोल्समध्ये (स्क्रीनवरच्या तयार घटकांमध्ये) त्या उंचीतच खाली उघडणारी लिस्ट धरलेली असते. एका ओळीपुरती उंची दिली असेल तर नावं भरलेली असूनही दिसत नाहीत.