नवे मॉडेल इंजिन अडखळू लागले, तर दोष कसा शोधावा

नवे मॉडेल इंजिन खोक्यातून काढून रुळांवर ठेवले आणि ते दोन वीत जाऊन थांबले, की हातात सदोष माल आला अशी आपली समजूत होते. समुद्रकाठच्या घरांत, जिथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत खिडकीचे गजसुद्धा हाताला चिकट लागतात, तिथे मात्र दोष बहुधा रुळांत, सांध्यांत किंवा वीजपुरवठ्यात निघतो, असा रत्नागिरीत बरीच वर्षे हा छंद करताना मला आलेला अनुभव आहे. म्हणून इंजिन खोलणे हे पहिले नव्हे, शेवटचे काम समजावे. शिवाय एकदा वरचे कवच काढले की अनेक विक्रेते वॉरंटी नाकारतात.

आरंभी इंजिन उजेडात उलटे धरून पाहावे. चाकांच्या मागे फोमचा तुकडा किंवा पातळ प्लॅस्टिकचा कागद अडकून राहिलेला असतो, तो चिमट्याने काढावा. इंजिन परदेशातून नातेवाइकांकरवी आले असेल आणि सोबत तिकडचाच अ‍ॅडाप्टर असेल, तर त्यावर छापलेला व्होल्टेज वाचल्याशिवाय तो भिंतीत लावू नये. अमेरिकेतील घरगुती वीज १२० व्होल्टची असते आणि आपली २३० व्होल्टची, त्यामुळे केवळ तिकडच्या विजेसाठी केलेला अ‍ॅडाप्टर आपल्याकडे लावताक्षणी जळू शकतो.

यानंतरची चाचणी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण दोष इंजिनाचा की रुळांचा हे तिच्यावरून ठरते. जुन्या टॉवेलची घडी करून तिच्या खोबणीत इंजिन चाके वर करून ठेवावे, ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीला दोन वायरी जोडाव्यात आणि त्यांची उघडी टोके एकाच आसाच्या डाव्या व उजव्या चाकांना टेकवावीत. साध्या डीसी, म्हणजे एकदिश विजेवर थेट चालणाऱ्या, इंजिनाची मोटर लगेच आणि एकसारखी फिरली पाहिजे. मग पुढच्या आसावर जावे, मग त्याच्या पुढच्या. एखाद्या जोडीवर मोटर फिरत नसेल, तर त्या चाकाच्या पाठीला टेकणारी वीज घेणारी पातळ पट्टी वाकली आहे किंवा तिच्यावर ग्रीस आले आहे असे समजावे. पट्टीवरचे ग्रीस कापसाच्या काडीने पुसता येते, आणि वाकलेली पट्टी सुईच्या टोकाने किंचित चाकाकडे ढकलली की बहुधा काम होते. ज्या चाकांवर पकड वाढवण्यासाठी रबराचे कडे बसवलेले असते, ती चाके वीज घेत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर मोटर फिरली नाही तर तो दोष मानू नये. सगळ्या आसांवर मोटर नीट फिरली, तर इंजिन बहुधा निर्दोष आहे आणि आपण रुळांकडे वळावे.

रूळ पुसण्याच्या बाबतीत किनाऱ्यावरच्या माणसाने एक जादा पायरी घेतली पाहिजे. बहुतेक ठिकाणी आयसोप्रोपिल अल्कोहोलने रूळ पुसावेत असे सांगितले जाते आणि ते योग्यच आहे, परंतु अल्कोहोल तेल व चिकट काजळी काढते, मीठ मात्र त्यात फारसे विरघळत नाही. खाऱ्या वाऱ्याबरोबर येणारे मीठ रुळांवर बसते, हवेतला ओलावा ओढून घेते आणि त्यावर धूळ बसून पातळ लेप तयार होतो. म्हणून आधी साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या सुती फडक्याने, वीज बंद ठेवून, रूळ पुसावेत, लगेच कोरडे करावेत आणि मगच अल्कोहोलचे फडके फिरवावे. रूळ निकेल सिल्व्हरचे किंवा पितळेचे असतील तरच पाणी वापरावे, कारण पोलादी रूळ त्याने तांबडे पडतील. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ७० टक्क्यांच्या द्रवात उरलेला भाग पाण्याचा असतो, त्यामुळे तो वापरल्यास वाळायला अधिक वेळ द्यावा. पॉलिश पेपर कितीही हाताशी असला तरी घासू नये, कारण त्याने पडलेल्या बारीक ओरखड्यांत पुढची घाण अधिक घट्ट बसते.

रूळ स्वच्छ असूनही इंजिन ठराविक जागी मंदावत असेल, तर फिशप्लेटचे, म्हणजे दोन रुळांची टोके जोडणाऱ्या धातूच्या पट्टीचे, सांधे तपासावेत. इथे एक फसगत होते. रिकाम्या रुळांवर मल्टिमीटर लावला, तर खराब सांध्यापलीकडेही पूर्ण १२ व्होल्ट दिसतात, कारण भाराशिवाय सांध्यातून जवळजवळ प्रवाहच जात नाही. त्यासाठी मोटारीच्या पार्किंग दिव्याचा १२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब घेऊन त्याच्या दोन वायरी रुळांना टेकवाव्यात. तो साधारण ०.४ अँपिअर घेतो, म्हणजे एका इंजिनाएवढा भार पडतो. कंट्रोलरजवळ, म्हणजे रुळांना वीज देणाऱ्या यंत्राजवळ, आणि मग सर्वांत दूरच्या टोकाला, बल्ब पेटता असताना, व्होल्टेज मोजावा. फरक एका व्होल्टपेक्षा जास्त आला, तर फिशप्लेट चिमट्याने किंचित दाबून घट्ट करावी, आणि त्यानेही भागले नाही तर तिथे नवी वायर सोल्डर करावी. खाऱ्या हवेत केवळ फिशप्लेटच्या भरवशावर वीज पुढे जाते असे धरून चालू नये. मी दर दीड मीटरला स्वतंत्र वायर देतो आणि तेव्हापासून सांध्यांचा त्रास जवळपास संपला आहे.

पावसाळ्यात लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर गाडी चालवण्याचा मोह टाळावा. स्वस्त इन्व्हर्टरची वीज चौकोनी लहरीची असते, तिच्यावर ट्रान्सफॉर्मरचे जुने कंट्रोलर गुणगुणतात व तापतात, आणि त्या वेळी केलेल्या चाचणीवरून काहीच ठरवता येत नाही.

रूळ आणि वीज दोन्ही ठीक असून इंजिन जड चालत असेल, तर कदाचित ते अजून रुळलेच नसेल. नव्या मोटरीचे कार्बन ब्रश (वीज पोहोचवणारे कार्बनचे तुकडे) कम्युटेटरच्या (मोटरीच्या फिरत्या, वीज घेणाऱ्या भागाच्या) गोलाईत बसायला वेळ लागतो आणि गोदामात पडून राहिलेले ग्रीस घट्ट झालेले असते. डबे न जोडता मध्यम वेगाने अर्धा तास पुढे व अर्धा तास मागे चालवावे, मग इंजिनाचे तोंड फिरवून पुन्हा तेवढेच चालवावे. मधूनमधून कवचाला हात लावून पाहावा. कोमट लागणे ठीक, परंतु बोट ठेववत नसेल तर थांबावे. या पहिल्या तासात बहुतेक इंजिने दिसण्याइतकी सुधारतात. तेल घालायचे झाल्यास प्लॅस्टिकला अपाय न करणारे, मॉडेलसाठीचे तेल सुईच्या टोकाने आसाच्या टोकाशी एक थेंब द्यावे, कम्युटेटरवर कधीही देऊ नये. आपल्या घरी खोबरेल हाताशी असते, परंतु ते सुमारे २४ अंशांखाली थिजते, आणि पौषातल्या एखाद्या सकाळी गियरमध्ये थिजलेले खोबरेल काढण्याचे काम मी शेजाऱ्यासाठी एकदा केले आहे. ते पुन्हा करण्याची इच्छा नाही.

आवाजावरूनही बरेच कळते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच टक् असा आवाज येत असेल, तर गियरच्या एखाद्या दात्यात कण अडकला आहे किंवा दाताच तुटला आहे. सतत किंचाळल्यासारखा आवाज कोरड्या बेअरिंगचा असतो. उतारावर इंजिन धक्के देत, पुढे-मागे होत चालत असेल, तर वर्म गियरला, म्हणजे मोटरीच्या दांड्यावरच्या स्क्रूसारख्या गियरला, दांड्याच्या दिशेने ढिलाई जास्त आहे, आणि ते काम विक्रेत्यावर सोपवावे.

गेल्या पावसाळ्यात माझे नवे सहा आसांचे डिझेल इंजिन एकाच वळणावर अडत होते. रूळ दोनदा पुसले, सांधा पुन्हा सोल्डर केला, फरक पडेना. अखेर भिंगाखाली उलटे धरले, तेव्हा तिसऱ्या आसावर चाकाच्या मागे तपकिरी रंगाचा एक केस गुंडाळलेला दिसला. तो काथ्याचा धागा होता. पहिल्या दिवशी उत्साहाच्या भरात मी रुळांचा तुकडा पडवीत पायपुसण्याशेजारी अंथरून इंजिन चालवले होते. सरळ रस्त्यावर तो धागा निमूट फिरत होता आणि वळणावर आस बाजूला सरकला की गियरला घासत होता. तेव्हापासून नवे इंजिन मी जमिनीवर ठेवत नाही, आपणही ठेवू नये.

वळण आणि चढ यांच्याबद्दल आपल्या अपेक्षाही तपासून पाहाव्यात. कोकण रेल्वेच्या मार्गावरचा कमाल चढ १५० ला १ इतकाच आहे आणि वळणाची किमान त्रिज्या १२५० मीटर ठेवलेली आहे. एचओ मापात, म्हणजे १:८७ या प्रमाणात, ती त्रिज्या १४ मीटरहून अधिक भरते. आपण मात्र फळीवर १८ इंच त्रिज्येचे वळण आणि ३० ला १ चढ बसवतो आणि त्यावर सहा आसांच्या इंजिनाने आठ डबे ओढावेत असे म्हणतो. इंजिन तिथे घसरले, तर आधी सपाट रस्त्यावर तेवढेच डबे जोडून पाहावेत. सपाटीवर ते ओढत असेल, तर बदल इंजिनात नव्हे, फळीवर करायचा आहे. सपाटीवरही रुळांवरून उतरत असेल, तर दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर मोजावे. एचओसाठी ते १४.५ मिलिमीटरच्या आसपास असते.

डीसीसी इंजिनाची, म्हणजे रुळांतून डिजिटल आज्ञा घेणाऱ्या इंजिनाची, बॅटरीवरची चाचणी निर्णायक नसते, कारण त्याच्या डिकोडरमधल्या (आज्ञा वाचणाऱ्या सर्किटमधल्या) सीव्ही २९ या क्रमांकाच्या सेटिंगमध्ये डीसीवर चालण्याची मुभा बंद असू शकते. नव्या इंजिनाचा पत्ता, म्हणजे त्याला आज्ञा पाठवण्याचा क्रमांक, सहसा ३ असतो, तो आधी वापरून पाहावा. थ्रॉटल दिल्यावर इंजिन बराच वेळ हलत नसेल, तर सीव्ही ३ पाहावा. तिथे मोठा आकडा असला, तर डिकोडर मुद्दामच वेग हळूहळू वाढवतो. आकड्यांचा गोंधळ झाला असेल, तर अनेक डिकोडर सीव्ही ८ मध्ये ८ लिहिल्यावर मूळ स्थितीत जातात. पुस्तिकेत खात्री करूनच ते करावे.

एवढे करूनही दोष राहिला, तर कोणती चाचणी केली व काय दिसले हे चार ओळींत लिहून, मोबाइलवर घेतलेल्या चित्रफितीसह, इंजिन मूळ खोक्यात परत पाठवावे. नीट चालू लागले, तर खेळ संपल्यावर फळीवर न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या निळ्या सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावे, पावसाळ्यात दर पंधरवड्याला काढून दहा मिनिटे चालवावे, आणि निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत तापवून घ्यावेत. तो तवा मात्र भाकरीचा नसावा.