दर चौथा आकडा चुकत होता

नोकरीच्या पहिल्या वर्षी सी या प्रोग्रॅमिंग भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. मॅलॉकने, म्हणजे मेमरीत जागा मागून घेणाऱ्या फंक्शनने, लागोपाठ दोन ॲरे (सलग कप्प्यांच्या रांगा) घेतले, प्रत्येकी १० इंटचे, म्हणजे पूर्णांकांचे. पहिला सेन्सरच्या रीडिंगसाठी, दुसरा दुरुस्तीच्या आकड्यांसाठी. दुरुस्तीचे आकडे आधी भरले, मग रीडिंग. क्रॅश नाही, रीडिंगही बरोबर छापली गेली. फक्त दुसऱ्या ॲरेतले ०, ४ आणि ८ क्रमांकाचे आकडे बिघडलेले. ते बदलणारी ओळ मी दोन दिवस शोधत होतो.

चूक पहिल्या ॲरेच्या लूपमध्ये होती. पत्ता काढला होता ‘पी + आय * साइझऑफ(इंट)’ असा. पी म्हणजे ॲरेच्या सुरुवातीचा पत्ता, आय म्हणजे लूपमधला ० पासूनचा क्रमांक, साइझऑफ(इंट) म्हणजे एका इंटचे बाइट. इंट ४ बाइटचा, म्हणून चारने गुणायचं, हा माझा हिशेब. पण पी इंटचा पॉइंटर, म्हणजे इंटचा पत्ता धरणारा चल, असेल तर ‘पी + १’ म्हणजे पुढचा बाइट नव्हे, पुढचा इंट. चारने गुणण्याचं काम कंपायलर (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) करतोच. मी पुन्हा गुणलं, त्यामुळे आय ३ झाला की पॉइंटर थेट ४८ बाइट पुढे. जागा तर ४० बाइटलाच संपलेली. ६४ बिटच्या लिनक्सवर मॅलॉकने त्या ४० बाइटसाठी स्वतःच्या नोंदीसकट ४८ अडवले होते, म्हणून तो पत्ता नेमका शेजारच्या ॲरेचा पहिला कप्पा निघाला. आणि रीडिंग बरोबर कशी दिसली? छापतानाही तेच सूत्र होतं. जिथे चुकून ठेवलं तिथूनच उचललं.

म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना कळकळीने सांगतो, आउटपुट बरोबर आलं म्हणजे पॉइंटर बरोबर आहे असं धरून चालू नका. कागदावर चौकोन आखा, खाली १०००, १००४, १००८ असे पत्ते लिहा आणि बोट एकेक घर सरकवा. ‘ए[आय]’ आणि ‘*(ए + आय)’ एकच, हे तिथे डोळ्यांना दिसतं. दोन पॉइंटरची बेरीज कंपायलर घेतच नाही. वजाबाकी चालते, पण एकाच ॲरेतल्या पॉइंटरची, आणि उत्तर बाइटमध्ये नाही, घटकांमध्ये येतं. शेवटच्या घटकाच्या एक घर पुढचा पत्ता काढायची मुभा आहे, तिथे वाचायची किंवा लिहायची नाही. पहिल्या घटकाच्या मागचा पत्ता मात्र नुसता काढणंही नियमाबाहेर. शेवटाकडून सुरुवातीकडे येणारा उलटा लूप लिहिताना हे हमखास निसटतं.

आणि जीसीसी या सीच्या कंपायलरमधला ॲड्रेस सॅनिटायझर, म्हणजे प्रोग्रॅम चालताना मेमरीतल्या अशा चुका पकडणारी सोय, पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. तो जुना प्रोग्रॅम मी पुढे त्यातून चालवला. आय ३ वर पोचताच थांबला: हीप-बफर-ओव्हरफ्लो, ४० बाइटच्या जागेच्या ८ बाइट पलीकडे ४ बाइट लिहिले. खाली माझ्या लूपमधली तीच ओळ, क्रमांकासकट.