अ‍ॅसिड पोटात गेलं? मिठाचं पाणी पाजू नका

बोअरच्या क्षाराच्या पाण्यानं फरशी पांढरी पडते, म्हणून मराठवाड्यात दारावर सुटं अ‍ॅसिड घेतात आणि पाण्याच्याच रिकाम्या बाटलीत भरून मोरीत ठेवतात. मे महिन्यात उन्हातून आलेला माणूस ती तोंडाला लावणारच. अ‍ॅसिडला वेगळी बाटली ठेवायचा कंटाळा, दुसरं काय!

पुढची चूक घरचेच करतात: उलटी. कुणी ‘औषध पिलं’ म्हटलं की मिठाचं पाणी, साबणाचं पाणी, घशात बोटं. (फवारणीच्या औषधालाही हे चुकीचंच.) अ‍ॅसिड किंवा कॉस्टिक सोडा खाली जाताना अन्ननलिका भाजतो, उलटीत वर येताना तीच पुन्हा भाजतो, श्वासनळीत उतरला तर फुप्फुसंही. उबळीच्या जोरानं भाजलेली भिंत फाटू शकते. मिठानं रक्तातलं सोडियम वाढतं. लेकरांच्या तर जिवावर बेततं.

अ‍ॅसिडवर खायचा सोडा, कॉस्टिक सोड्यावर लिंबू हेही नको. उष्णता तयार होते, खायच्या सोड्यानं वर गॅसही.

चूळ भरून थुंकायला लावा, भिजलेले कपडे काढा, अंग धुवा, बसतं ठेवा. तोंडानं काही देऊ नका. 108 लावा, बाटली सोबत घ्या. दवाखान्यात ‘पोट धुवा’ म्हणून डॉक्टरांच्या मागं लागू नका. भाजलेल्या अन्ननलिकेत आंधळेपणानं नळी घालणं धोक्याचं असतं. आवाज घोगरा झाला, श्वासाला घरघर लागली, तर आधी श्वासाची वाट सांभाळावी लागते.

‘ओठाला काही झालं नाही’ म्हणून घरी थांबणं ही दुसरी मोठी चूक. तोंड स्वच्छ असूनही आत जखम असू शकते, विशेषतः पातळ द्रव पटकन गिळला गेला तर. लाळ गळणं, गिळताना किंवा छातीत-पोटात दुखणं बघा. दुर्बिणीची तपासणी (एंडोस्कोपी) साधारण 12 ते 24 तासांत व्हावी, म्हणून सोय कुठं आहे ते निघतानाच फोनवर विचारा. आठवड्यानं गेलात तर भिंत कच्ची असते, दुर्बीण घालणंच जोखमीचं ठरतं.

लेकरानं बटणसेल (घड्याळा-खेळण्यातला चपटा गोल सेल) गिळला, तर दोन तासांतही अन्ननलिका जळते. केळं चारून वाट बघत बसू नका.

अ‍ॅसिड गिळलेल्याला दुसऱ्या आठवड्यात बरं वाटतं, तेही फसवं. तिसऱ्या आठवड्यापासून व्रण आकसू लागतो: आधी भाकरी अडकते, मग वरणभात, शेवटी पाणी. आवळलेली अन्ननलिका रुंद करायला दवाखान्यात पुन्हा पुन्हा यावं लागतं. दोन खेपांनंतर भाकरी उतरली की लोक येणं सोडतात, आणि नळी पुन्हा आवळते.